चांगल्या स्थितीतलं जुनं रिव्हॉल्व्हर

“मास्तर, मला एक धमकी द्या,” दाजी म्हणाले.

रविवारची सकाळ होती. मी ओसरीवर नववीच्या निबंधांचा गठ्ठा घेऊन बसलो होतो. दाजींनी जीप दारात लावली, चपला न काढताच वर आले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जालिंदर साळुंखे. वडजाईत त्यांच्या दोन वीटभट्ट्या, एक मंगल कार्यालय आणि बाजारपेठेत पाच गाळ्यांची इमारत. माणूस तोंडाचा मोकळा, हाताचा जरा आखडता.

“कसली धमकी?” मी विचारलं.

“जिवे मारायची. कसली म्हंजे?”

मग हळूहळू उलगडा झाला. पेट्रोलपंपाच्या उत्तमराव भोइट्यांना दिवाळीत रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला होता. तेव्हापासून दाजींच्याच कार्यालयात, दाजींच्याच पंगतीत जेवायला वाकताना भोइट्यांचा शर्ट नेमका वर सरकायचा. वाढपी जिलबीचं ताट धरून तिथंच थबकायचे. दाजींनी नवरदेवाचा सत्कार केला तरी माणसं भोइट्यांच्या कमरेकडे बघायची. दाजींना आता परवाना हवाच होता. अर्ज भरून झाला होता. फक्त एक रकाना रिकामा होता : जिवाला धोका कोणापासून.

दाजींकडे सगळं होतं, धोका तेवढा नव्हता. त्यांना मारावं असं तालुक्यात कुणालाच वाटत नव्हतं आणि ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली होती.

“आमदाराच्या भाषणापासनं लग्नपत्रिकेपर्यंत सगळं तुम्हीच लिवता,” दाजी म्हणाले. “हे बी लिवा की.”

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तोवर लोकांनी माझ्याकडून निरोपाची भाषणं, शोकसभेचे ठराव आणि मंगलाष्टकं एवढंच लिहून घेतलं होतं. असलं काही कुणी मागितलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला हुरूप आला. निबंध बाजूला ठेवले, वहीतलं पान फाडलं आणि लिहिलं :

‘श्री. जालिंदरराव साळुंखे यांस, आपल्या वर्तणुकीत सुधारणा न झाल्यास आपणांस जिवे मारण्यात येईल, याची कृपया नोंद घ्यावी. अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.’

दाजींनी कागद लांब धरून वाचला. “‘कृपया’ कशाला? मारणारा कृपया म्हणतो होय?”

मी ‘कृपया’ काढलं. “‘राव’सुद्धा काढतो मग.”

“‘राव’ ऱ्हाऊ द्या,” दाजी घाईनं म्हणाले. “आन् खाली सही?”

“निनावी असतं हे.”

“तरी कायतरी पायजे. ‘एक हितचिंतक’ घाला.”

“हितचिंतक जिवे मारतो का, दाजी?”

शेवटी ‘आपला काळ’ यावर आमचं एकमत झालं. मग दाजींना नवी शंका आली. “लई शुद्ध झालंय. दोन-चार चुका घाला. गुंडाला तुमच्याएवढं येत न्हाई.”

ते काम मात्र जमेना. एकवीस वर्षं पोरांच्या चुकांवर लाल शाई ओढणारा हात, तो चूक करायलाच तयार होईना. मोठ्या कष्टानं ‘परिणामांस’मधला ‘रि’ दीर्घ केला आणि दिवसभर अस्वस्थ राहिलो. अक्षर जरासं डावीकडे झुकवलं होतं. तेवढीच खबरदारी.

“यात कुणाचं नाव-बिव येणार नाही ना?” देताना मी विचारलं.

“निनावी पत्रात कुणाचं नाव येतंय, मास्तर? फायलीला लावायचं, संपलं.”

परवाना यायला चौदा महिने लागले. दाजींनी ते वाया घालवले नाहीत. मूळ पत्र पोलिसांकडे गेलं, पण त्याआधी त्यांनी त्याची झेरॉक्स काढून लॅमिनेट करून घेतली आणि ती खिशात बाळगायला लागले. लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्यालाही ती चार हातांतून फिरली. “वाचा, वाचा,” ते म्हणायचे. “एवढ्या रागातसुद्धा ‘जालिंदरराव’ म्हणलंय.”

परवाना हातात आला आणि कळलं की रिव्हॉल्व्हर मिळवणं परवान्याहून अवघड. नव्याला नंबर लावावा लागत होता, आणि दाजींना भोइट्यांसारखं विलायतीच पाहिजे होतं. विलायती म्हणजे जुनंच. कोल्हापूरच्या दुकानदारानं दोन लाखांच्या खाली बोलायला नकार दिला. सांगलीला एक बघितलं, त्याला गंज चढला होता. कराडला एक बघितलं, त्याचं गोळ्यांचं चक्र जात्यासारखं घरघरत फिरायचं. शेवटी साताऱ्याच्या एका दुकानदाराचा निरोप आला. एका म्हातारबाईंकडे वस्तू आहे, नव्यासारखी. मालक गेले, परवाना बाईंच्या नावावर झाला. आता त्या लेकीकडे भोपाळला चालल्या आहेत. सांगतात फक्त ऐंशी हजार.

“फक्त देत नाहीत,” दुकानदार म्हणाला. “सात गिऱ्हाइकं परत पाठवली त्यांनी.”

“का?” दाजींनी विचारलं.

“ते आता तुम्हीच जाऊन बघा.”

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, दुपारच्या वेळी आम्ही किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांच्या घरी पोचलो. दाजींनी मला मुद्दाम बरोबर घेतलं होतं. बाई शिकलेल्या आहेत, बोलायला कुणीतरी शिकलेलं असावं म्हणून. पाटीवर नाव होतं, ‘रणनवरे’. दार उघडलं ते सत्तरी उलटलेल्या एका सडसडीत बाईंनी. सुती पातळ, चष्म्याला दोरी. त्यांनी आधी दाजींच्या पायांकडे बघितलं, तेव्हा दाजी मागं फिरले आणि चपला काढून आले.

“मिस्टर फॉरेस्टात रेंजर होते,” बाई म्हणाल्या. “लाकूडचोरांच्या भीतीनं त्यांनी हे घेतलं. मी कन्याशाळेत मुख्याध्यापिका होते. बसा.”

त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, आतून एक पत्र्याचा डबा आणला आणि फ्लॅनेलच्या कापडातून ते बाहेर काढलं. दाजींच्या तोंडून नकळत ‘आई गं’ असं निघून गेलं. काळंभोर लोखंड, निळसर झाक मारणारं. लाकडी मूठ हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली, पण ओरखडा एक नाही. बाईंनी अंगठ्यानं खटका दाबून गोळ्यांचं चक्र बाहेर काढलं आणि सहाही भोकं आम्हाला दाखवली.

“कुणाच्या हातात देण्याआधी रिकामं आहे का ते बघायचं. दर वेळी. काल बघितलं असलं तरी आज पुन्हा बघायचं.”

डब्यात शिलाई मशीनच्या तेलाची बाटली, एक लांब दांड्याचा ब्रश आणि शाळेची दोनशे पानी वही होती. वहीत रकाने आखलेले होते : तारीख, साफसफाई, झाडलेल्या गोळ्या. प्रत्येक महिन्याचा पहिला रविवार, छत्तीस वर्षं. झाडलेल्या गोळ्यांच्या रकान्यात एकच शब्द, खालपर्यंत : निरंक, निरंक, निरंक. मधेच एका पानावर अक्षर बदललं होतं, शब्द तोच.

“मिस्टर गेले तो महिना,” बाई म्हणाल्या. “त्या रविवारी मी साफ केलं.”

दाजींना वहीत रस नव्हता. त्यांनी रिव्हॉल्व्हर उचललं, एक डोळा मिटला आणि ते माझ्याकडे रोखलं. बाईंनी त्यांच्या मनगटावर चापट मारली. चांगली सणसणीत, वर्गातली.

“माणसाकडे धरायचं नाही.”

“रिकामं हाय की, बाई!”

“तरी.”

दाजींनी ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवलं, पण मजा गेली होती. त्यांनी ते खाली ठेवलं.

“कशाला हवंय तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

“संरक्षणाला.”

“कुणापासून?”

दाजी याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी खिशातून लॅमिनेट केलेली झेरॉक्स काढली आणि दोन्ही हातांनी बाईंपुढे ठेवली. बाईंनी चष्मा पुसला, पत्र वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी कॅलेंडरवरचे वार मोजत होतो.

“कुणी लिहिलं ते कळलं का?” बाईंनी विचारलं.

निनावी होतं, नाही कळलं, असं दाजी म्हणतील म्हणून मी मान हलवायच्या तयारीत होतो. दाजी म्हणाले, “कळलं की! धरला न्हवं का त्याला.”

मी दाजींकडे बघायला लागलो.

“फौजदार म्हणाले, कुणावर तरी संशय लिवायलाच लागंल, त्याबिगर प्रकरण पुढं जात न्हाई. माझ्या गाळ्यात एक जिनगर म्हणून बाइंडर होता. एकतीस वर्षं बसला होता ठाण मांडून. भाडं जुनंपानं, आन् उठ म्हणलं तर कोर्ट दाखवायचा. म्हणलं, लिवा ह्याचंच नाव.”

“मग?” बाई म्हणाल्या.

“मग काय. त्याला चार रविवार ठाण्यावर बोलवून बसवला. सकाळी धा ते संध्याकाळी सा. मारलं-बिरलं काय न्हाई हां, नुसतं बाकावर बसवायचं. येणारी-जाणारी बघत्यात की. पाचव्या रविवारी आपण होऊन किल्ली आणून दिली.” दाजी माझ्याकडे वळले, डोळे चमकत होते. “तुमाला मुद्दाम सांगितलं न्हवतं, मास्तर. एका कागदात दोन कामं झाली.”

नामदेव जिनगर आमच्या शाळेची सगळी बांधणी करायचे. हजेरीपत्रकं, जनरल रजिस्टर, ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं. त्याच वर्षी जूनमध्ये रजिस्टरं घेऊन मी त्यांच्या गाळ्यावर गेलो होतो. कुलूप होतं. शेजारचा म्हणाला, मुलाकडे कुसवड्याला गेले, गाळा सोडला. मी बरं म्हटलं आणि रजिस्टरं दुसऱ्याकडे टाकून आलो. का सोडला, ते विचारलं नव्हतं.

बाईंनी पत्र टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. “तुम्ही कोण यांचे?”

“मेव्हणा.”

“काय करता?”

“हायस्कूलला शिक्षक आहे.”

“विषय?”

मला भूगोल म्हणावंसं वाटलं. “मराठी,” मी म्हणालो.

“अस्सं.” त्यांनी टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढला. “सौदा ठरलाच तर इसाराची पावती लागेल. तुम्ही लिहा. माझा हात कापतो.”

थोड्या वेळापूर्वी त्याच हातांनी त्यांनी चक्रातलं एकेक भोक दाखवलं होतं, तेव्हा ते कापले नव्हते. मी पेन काढलं. अक्षर जमेल तेवढं बिघडवलं. काने वाकडे केले, वेलांट्या फाकवल्या, ओळ खाली उतरू दिली. दाजी माझ्या खांद्यावरून डोकावले.

“मास्तर, हे काय लिवताय? कोंबडी नाचल्यागत!” मग बाईंना म्हणाले, “बाई, ह्यांचं अक्षर म्हंजे छापल्यागत असतंय. तालुक्यात असं अक्षर न्हाई. फाडा ओ ते, नीट लिवा. एवढी भारी वस्तू घेतोय आपण.”

मी फाडलं. नीट लिहिलं. दुसरा उपाय नव्हता.

बाईंनी पावती घेतली आणि पत्राशेजारी ठेवली. दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवून कॉपी पकडतात, तशा त्या बघत होत्या. एक बोट पत्रावर, एक पावतीवर, ओळीओळीनं खाली. मग त्यांनी दोन्ही कागद बाजूला सारले.

“साळुंखे, एक खरं सांगा. आजवर तुम्हाला मारायला कुणी आलंय?”

“अजून न्हाई.”

“येईल असं वाटतं?”

दाजींनी प्रामाणिकपणे विचार केला. लॅमिनेट केलेल्या कागदाकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला. “तसं म्हणलं तर... न्हाई वाटत.”

“साठ हजार,” बाई म्हणाल्या.

“आं?”

“ऐंशी सांगितले होते. तुम्हाला साठला देते. सोमवारी कलेक्टर कचेरीत या, नोंदी करून टाकू.”

दाजींनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. आपण कसा चेहरा पाडला आणि वीस हजार कसे उतरवले, हे त्यांनी पुढे कित्येक वर्षं लोकांना करून दाखवलं. आत्ता मात्र त्यांना दुकानदाराला कळवायची घाई झाली होती. घरात मोबाइलला रेंज येत नव्हती, म्हणून ते रस्त्यावर गेले.

बाईंनी रिव्हॉल्व्हर फ्लॅनेलमध्ये गुंडाळलं. “पत्र तुमचं आहे,” त्या म्हणाल्या.

मी पेनाला टोपण लावलं.

“मला वाचतानाच शंका आली होती. ‘सर्वस्वी जबाबदार राहाल.’ असं खुनी लिहीत नाहीत, हेडमास्तर लिहितात. मीसुद्धा शेकडो वेळा लिहिलंय, फी थकली की.”

“त्यांनीच लिहायला लावलं,” मी म्हणालो.

“असेल.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “सात जणांना मी परत पाठवलं. एकाचं भावाशी बांधाचं भांडण होतं. एकाला जावयाचा राग होता, बोलताना त्याचे ओठ थरथरायचे. एक जण तर चांगला डॉक्टर होता, पण त्याला खरंच कुणीतरी धमकावत होतं. अशांच्या हातात हे कसं द्यायचं? मिस्टरांनी आणि नंतर मी मिळून छत्तीस वर्षं सांभाळलं आणि एकदाही झाडलं नाही. मला तसाच माणूस पाहिजे होता. तुमचे मेव्हणे हौशी आहेत. यांना मारायला कुणी येणार नाही आणि यांच्या हातून कुणी मरणार नाही. असं बिनधोक गिऱ्हाईक मिळत नसतं. म्हणून वीस हजार सोडले.”

मला हसू आलं. प्रसंग निभावला असं वाटलं.

“हसू नका,” बाई म्हणाल्या. “तुम्ही आला असता, तर तुम्हाला दिलं नसतं.”

“मला?”

“कुणाला लागेल ते न बघता झाडणारे आहात तुम्ही.”

आवाज चढला नव्हता. वही मिळाली नाही, गृहपाठ अपुरा आहे, असं सांगतात तसं त्यांनी ते सांगितलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. दाजी परत येईपर्यंत मी त्या बंद डब्यासमोर एकटा बसलो होतो.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये दाजी गाणं म्हणत होते. मी त्यांना म्हणालो, जिनगरांचं तेवढं बरं झालं नाही. दाजी म्हणाले, “आवं, त्याचा पोरगा कमवता हाय. म्हाताऱ्याला आराम मिळाला.” आणि पुन्हा गाणं सुरू केलं.

त्याच संध्याकाळी मी कुसवड्याला गेलो असतो, तर आज हे सांगायला मला जरा बरं वाटलं असतं. मी गेलो सात महिन्यांनी. आधी सहामाहीचे पेपर होते, मग स्नेहसंमेलन आलं, मग दहावीची परीक्षा. शिक्षकाला कारणं कमी पडत नाहीत.

तेवढ्या काळात दाजींना रिव्हॉल्व्हरनं चांगलंच राबवून घेतलं. कमरेला लावून मांडी घालता येईना, म्हणून पंगतीत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवायला लागले. जीप चालवताना मूठ बरगडीत रुतायची. देवळात नेता येत नाही म्हणून त्यांचं देवदर्शन बंद झालं. कपाटात देवीच्या दागिन्यांशेजारी ठेवायला माझ्या बहिणीनं साफ नकार दिला, तेव्हा चौदा हजारांची तिजोरी आणली. तिची किल्ली कुठे ठेवायची, यावरून दोघांत महिनाभर अबोला. चोर रिव्हॉल्व्हर न्यायला येईल या भीतीनं दाजींची झोप उडाली. त्यांच्या जिवाला अखेर धोका सापडला होता.

ज्या पंगतीसाठी हे सगळं केलं, तीही फुकट गेली. वैशाखात कार्यालयात एक मोठं लग्न होतं. दाजी आणि भोइटे समोरासमोर बसले. दोघं एकाच वेळी वाकले, दोघांचे शर्ट एकाच वेळी वर सरकले. कुणी बघितलं नाही. नवरीच्या मामांनी बंदूकवाले दोन रक्षक बरोबर आणले होते, सगळा मांडव त्यांच्याभोवती गोळा झाला होता. पुढे निवडणुका लागल्या आणि परवानाधारकांनी हत्यारं ठाण्यात जमा करावीत असा हुकूम निघाला. दाजी पहिल्याच दिवशी जाऊन जमा करून आले. त्या दुपारी ते चार तास गाढ झोपले, असं बहीण सांगते. निवडणूक संपली तरी महिनाभर ते परत आणायला गेले नाहीत. बाईंचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. त्या रिव्हॉल्व्हरमधून आजतागायत गोळी सुटलेली नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. रजिस्टरं बांधायला आली. गेल्या साली ज्याच्याकडे टाकली होती, त्याची शिवण दिवाळीपर्यंतच सुटली होती. मी अकरा रजिस्टरं दोन पिशव्यांत भरली आणि कुसवड्याची एसटी धरली. वाटेत दोनदा वाटलं, पुढच्या थांब्यावर उतरावं.

जिनगर मुलाच्या घराला लागून काढलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करत होते. तिथं त्यांनी वह्या दाबायचा शिकंजा मांडला होता, पण जागा इतकी अरुंद की मोठा कागद कापायला दार उघडावं लागत असणार. मला बघून ते उठले. “या, सर. बसा.” पोत्यावरचं कातरण हातानं झाडून मला जागा करून दिली आणि परत सुई हातात घेतली.

मी पिशव्या खाली ठेवल्या. वाटेत जुळवलेली वाक्यं चांगली होती, पण त्यांतलं एकही तोंडाशी येईना.

“जिनगर, ते पत्र मी लिहिलं होतं.”

त्यांनी दोरा ओढून घेतला, गाठ मारली. “ठाऊक आहे,” ते म्हणाले.

“ठाऊक आहे?”

“पहिल्या रविवारीच फौजदारांनी कागद पुढ्यात धरला. म्हणाले, हे तुझं अक्षर का? म्हटलं, नाही साहेब. म्हणाले, मग कुणाचं, ओळखतोस का?” त्यांनी दोरा दातानं तोडला. “वीस वर्षं शाळेच्या रजिस्टरांवरच्या पट्ट्या तुम्ही लिहून देताय आणि मी चिकटवतोय, सर. तुमचा ‘ळ’ मी डोळे झाकून ओळखीन.”

“मग सांगितलं का नाही त्यांना?”

“काय सांगायचं? सरांनी लिहिलंय म्हणून? तुमची नोकरी गेली असती.” त्यांनी सुईत नवा दोरा ओवला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला. “आणि मला वाटलं, सरांचा माझ्यावर काहीतरी राग असणार. त्याशिवाय सर असं करायचे नाहीत. चार रविवार त्या बाकावर बसून मी तेच आठवत होतो. मी तुमचं काय वाईट केलं.”

“काही नाही हो, जिनगर. तुम्ही काही—”

“मग आठवलं. तुमच्या कवितांची वही बांधायला दिली होती तुम्ही, बघा, निळ्या कापडात. ती कातरताना माझ्याकडून जरा आत गेलं. कडेच्या ओळींची शेवटची अक्षरं उडाली होती. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत. मला वाटलं, तेच तुमच्या मनात राहिलं असेल. किल्ली द्यायच्या आदल्या दिवशी बायकोला म्हटलं, सरांची वही नीट बांधायला पाहिजे होती.”

मला ती वही आठवतसुद्धा नव्हती. घरी जाऊन मी शोधली. अक्षरं खरंच उडालेली होती. मी ती कधी उघडूनच बघितली नव्हती.

“मी फौजदारांकडे जातो,” मी म्हणालो. “सगळं लिहून देतो.”

बोलायला लागल्यापासून पहिल्यांदा त्यांनी सुई खाली ठेवली. “नको. लिहून काही देऊ नका. त्यांची फाइल बंद झालीय. उघडली की पुन्हा मला बोलवणार, पुन्हा त्या बाकावर. गाळ्यात आता मोबाइलवाला बसलाय, त्याला कोण उठवणार आहे? पोराला इथं लोक मानतात. ठाणं-बिणं इथं कुणाला माहीत नाही.”

“पण—”

“हात जोडतो, सर.”

आणि मला बरं वाटलं. ते लपवण्यात आता अर्थ नाही. नोकरीची आठ वर्षं उरली होती, मुलीचं शिक्षण व्हायचं होतं. मी सुटकेचा निःश्वास सोडला. शेड एवढीशी होती की तो त्यांना ऐकू गेला असणार. त्यांनी मान खाली घातली आणि पिशवीतून रजिस्टरं काढायला सुरुवात केली. एकेक उघडून पानं सरळ केली, कोपरे बघितले. गेल्या सालची सुटलेली शिवण बोटानं चाचपली आणि नापसंतीनं ‘च्च’ केलं.

“दर जुनाच,” ते म्हणाले. “शनिवारी न्या.”

शनिवारी गेलो. अकराही रजिस्टरं शिकंज्यातून काढून एकावर एक रचून ठेवली होती. पाठ ताठ, कोपऱ्यांना लाल कापड, शिवण ओढूनही हलणार नाही अशी. दरवर्षी यानंतर माझं काम असायचं. ते पांढऱ्या पट्ट्या कापून द्यायचे आणि मी तिथंच बसून इयत्ता, तुकडी, साल घालायचो. येणारी गिऱ्हाइकं उभी राहून बघायची. जिनगर त्यांना म्हणायचे, अक्षर बघा, अक्षर.

मी सवयीनं पेन काढलं.

“राहू द्या, सर,” ते म्हणाले. “पोराला सांगून छापून आणल्यात.”

रजिस्टरांवर पट्ट्या आधीच चिकटवलेल्या होत्या. मी पैसे दिले, त्यांनी पावती दिली आणि पिशव्या भरायला मदत केली. एसटी थांब्यापर्यंत एक पिशवी त्यांनी उचलून आणली.

निवृत्त होईपर्यंत दर जूनमध्ये मी कुसवड्याला जात राहिलो. त्यांनी कधी उशीर केला नाही, एकही रजिस्टर कधी उसवलं नाही. लिहायला मात्र त्यांनी मला पुन्हा काही दिलं नाही.